चार बोटांची खाच

देवळाबाहेर चपला काढायची सवय मला लहानपणापासून होती. नावेत चपला काढायला मला चैतराम मारबतेनं लावलं.

आणीबाणी उठली त्यानंतरचा हिवाळा होता. आंधळगावच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, बी.कॉम. कसाबसा पास, पोहता येत नाही, घरी मासळी चालत नाही, एवढ्या सगळ्या पात्रतेसह मी साकोलीच्या पलीकडं एका धरणाच्या काठी ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचा सचिव म्हणून रुजू झालो. दुसऱ्याच दिवशी मला संस्थेची मोठी नाव दाखवायला नेलं. चोवीस फुटांची, सहा माणसं आणि त्यांची जाळी मावतील एवढी, मागच्या फळीला दोन इंजिनं लावलेली. मी दोन्ही काठ दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो. थोडं अंतर गेलो असू, तेवढ्यात पुढच्या टोकाशी बसलेल्या उंच, हाडकुळ्या माणसानं मागं वळून माझ्या पायांकडं पाहिलं.

"बाबू, चपला काढा."

"का?"

"लोकाच्या घरावरून चाल्लो आपन."

मला वाटलं, नव्या माणसाची थट्टा चालली आहे. मागं इंजिनापाशी बसलेला ठेंगणा, गोल चेहऱ्याचा माणूस हसतही होता. पण त्याच्या पायांतही काही नव्हतं. मी चपला काढल्या. इंजिनाचा आवाज कमी झाला. पुढचा माणूस पाण्यात वाकून पाहत, एक हात कधी डावीकडं, कधी उजवीकडं करत बोलू लागला, "बकारामची पडवी. डावी घे. आता शाळा. सरळ. शाळेमांगचा मोह, उजवी, उजवी. हे माहं घर. आता सुकरामची विहीर. हळू." पाण्यावर मला काहीच दिसत नव्हतं. पाण्याखाली गाव होतं.

ते कवडीटोला. धरण भरलं तेव्हा ते बुडालं आणि त्याच नावाचं नवं गाव काठावर वसलं. जुनं गाव टेकाडावर होतं, त्यामुळं बाकीचं धरण खोल असलं तरी गावावर पाणी थोडं. आजूबाजूच्या जंगलातला साग सरकारनं आधीच तोडून नेला होता. गावातल्या आंब्यांचं, मोहांचं, चिंचांचं काय करायचं यावर कागद फिरत राहिले आणि पाणी येऊन गेलं. ती झाडं उभ्याउभ्या वाळली, फांद्या मोडून पडल्या, बुंधे राहिले. पावसाळ्यात ते खोल बुडत. होळीनंतर पाणी उतरलं की पृष्ठभागाखाली वीतभर येऊन बसत आणि दिसत नसत. दिसायचं फक्त एक झाड, सुकरामच्या अंगणातली चिंच. तिचा वाळलेला दुभंगलेला बुंधा बाराही महिने डोकं वर काढून असायचा. तिच्या पलीकडं लगेच नदीचं जुनं पात्र लागायचं, खोल पाणी आणि मोठी मासळी. म्हणजे नव्या गावातून मासळीपर्यंत पोचायला जुन्या गावावरूनच वाट होती, आणि ती वाट सगळी चैतरामच्या डोक्यात होती.

सुकराम म्हणजे तो मागं हसणारा ठेंगणा माणूस. पुढं चैतराम, मागं सुकराम, ही जोडी डोंग्याच्या, म्हणजे वल्ह्याच्या लहान होडीच्या, दिवसांपासूनची. एकानं वाट दाखवायची, दुसऱ्यानं नाव हाकायची. गावात कोणी त्यांना वेगवेगळं बोलावत नसे. लग्नाची अक्षतसुद्धा एकाच्या घरी दिली की दुसऱ्याला पोचली असं समजत.

चैतरामचा स्वभाव सरळ म्हणावा असा नव्हता. तो हट्टी होता, तुसडा होता आणि स्वतःच्या मापाशिवाय जगात दुसरं माप आहे हे त्याला मान्य नव्हतं. ते माप म्हणजे त्याची बोटं. लहान मासळी निसटेल एवढं जाळ्याचं भोक आहे का, हे तो चार बोटं आत घालून पाहायचा. बोटं अडकली तर जाळं परत. मी संस्थेच्या कपाटातली मापाची लोखंडी पट्टी आणून दाखवली तेव्हा त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "चांगली हाय. पन हे घरी राहून जाते. बोटं घरी रायत नाई." पट्टी पुन्हा कपाटात गेली.

नावेत बसताना तो आधी उजवा पाय पाण्यात बुडवायचा, मग ओला हात कपाळाला लावायचा. एकदा पुढं बसला की परत उतरेपर्यंत त्याची मान वर व्हायची नाही. बाकीचे मच्छीमार निघण्याआधी आभाळाकडं पाहायचे, वाऱ्याला तोंड देऊन उभे राहायचे. हा कधीच नाही. मी एकदा म्हटलं, चैतरामभाऊ, जरा वरही पाहत जा. तो म्हणाला, "वरचं कोनालेबी दिसते, बाबू. खालचं पाहाले शिका."

मी शिकलो नाही, पण त्याच्या नादानं गाव मात्र मला पाठ झालं. बकारामच्या पडवीपासून सुकरामच्या विहिरीपर्यंत मी डोळे मिटून सांगू शकलो असतो. चैतराम एखाद्या घरावरून जाताना तिथल्या माणसाची खबरही सांगायचा. हा नागपूरले रिक्षा ओढते, ही पवनीले दिली, हा मेला. त्या पाण्यावर मला कधी एकटं वाटलं नाही, एवढं खरं. भीती मात्र गेली नाही.

चार-पाच वर्षांत इंजिनांची पार वाट लागली. नावेला अडकवायचं इंजिन ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: वर डोकं, खाली लांब दांडा, आणि दांड्याच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. आमच्या इंजिनांचे दांडे लांब होते. पंखा बुंध्याला लागला की आतला पितळी खिळा तुटून पंखा फिरेनासा व्हायचा. सुकराम असे खिळे बिडीच्या डब्यात भरून जवळ ठेवायचा आणि भर पाण्यात इंजिन तिरपं करून, तोंडात पक्कड धरून नवा खिळा बसवायचा. शेवटी पंख्यांची पाती वाकली, एका दांड्याला पीळ पडला, दुसरं इंजिन चालता चालता खोकून बंद पडू लागलं. नवी दोन घ्यायची असं ठरलं. ती कोणती घ्यायची, यावरून पुढचं सगळं घडलं.

मत्स्य खात्याचे एक साहेब पाहणीला आले. त्यांनी नाव पाहिली, फळीची उंची मोजली आणि म्हणाले, नाव लांब दांड्यासाठीच बांधलेली आहे, तशीच इंजिनं घ्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाटेतले बुंधे कापून टाका, आम्ही माणसं देतो. आखूड दांडा घेतला तर पंखा पाण्यात पुरेसा बुडणार नाही, आणि तो बुडावा म्हणून फळी कापाल तर मागून पाणी आत येईल. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. मला, पोहता न येणाऱ्यालाही, समजलं.

चैतराम हात जोडून म्हणाला, "साहेब, बुंध्यात मासोळी रायते. तिची पिल्लं तिथीच लपते. बुंधे गेले तं मासोळी कोठी जाईन?"

साहेबांना हे फार आवडलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. जीप गेल्यावर सुकराम म्हणाला, "चैत्या, तू साहेबाले अर्धंच सांगतलं."

"खोटं सांगतलं का?"

"खोटं नाई. अर्धं."

बाकीचं अर्धं संस्थेच्या सभेत बाहेर आलं. मासळी तोलायच्या टिनाच्या शेडखाली तीसेक माणसं बसली होती. बुंध्यांवरून पंखा निघून जावा म्हणून आखूड दांड्याचीच इंजिनं घ्यायची, असं चैतरामनं मांडलं. सुकराम उभा राहिला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती, तो माझ्याकडं पाहूनच बोलला, "मी मांगं बसतो. माह्या पाठीले पानी लागते. जेठात वावधन सुटलं का लाट येते, फळीले धडकते अना परत जाते. फळी हाय म्हनून आमी कोरडे हाओ. ते फळी कापू नोका."

"लाट म्हनते हा," चैतराम बसल्या जागेवरून म्हणाला. "समुद्रात बसून राहिला जसा." लोक हसले. तळ्यांवर, नदीवर वाढलेली माणसं ती. त्यांच्या बापजाद्यांनी डोंग्यात उभं राहून मासे मारले होते. पाणी म्हटलं की त्यांना त्याची खोली आठवायची, तळ आठवायचा, कुठं गाळ आणि कुठं खडक ते आठवायचं. एवढं पसरलेलं पाणी त्यांच्या वाट्याला येऊन दहा वर्षंही झाली नव्हती. त्यावर वारा काय करतो, हे सुकरामसारख्या मागं बसणाऱ्यालाच कळत होतं.

सुकराम म्हणाला, "मंग बुंधे तोड. लंबा दांडा घेऊ. भेव कायचं?"

चैतराम जमिनीकडं पाहत म्हणाला, "माह्या मायनं लावलेला आंबा हाय तिथी. आपल्यापाशी आता राहिलं काय गा? घरं गेले, वावर गेले. ते खुंट हाय म्हनून मी सांगू शकतो, इथी आपन राहत होतो. ते तोडलं तं निस्तं पानी."

कोणी हसलं नाही. शेडमधल्या प्रत्येकाचं तिथं काही ना काही होतं. सुकरामनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बरं. तुह्या मनासारखं होऊ दे." मी ठराव लिहिला: आखूड दांड्याची दोन इंजिनं घ्यावीत, नावेची मागची फळी त्या मापानं कापून घ्यावी. खाली सही माझी.

इंजिनं आणायला आम्ही तिघं नागपूरला गेलो. दुकानाच्या फरशीवर चढण्याआधी चैतरामनं चपला काढल्या, ते पाहून दुकानदार त्याच्याशी फार अदबीनं वागला. पाण्यानं भरलेल्या ड्रममध्ये त्यानं एकेक इंजिन चालवून दाखवलं. सगळं दुकान धुरानं भरलं. चैतरामनं ड्रममध्ये खांद्यापर्यंत हात घालून, पकडीपासून पंख्यापर्यंत बोटांनी माप घेतलं. त्याची बाही भिजली. तिकडं सुकराम भिंतीशी ठेवलेल्या लांब दांड्याच्या इंजिनापाशी उकिडवा बसून त्याच्यावरून हात फिरवत होता. "हे आपल्या नावेच्या मापाचं हाय," तो म्हणाला, कोणालाच न म्हटल्यासारखं.

दुकानदारानं विचारलं, "आपके पानी में लहरें कितनी उठती हैं?"

"तालाब हय," चैतराम म्हणाला. "तालाब में काय की लहर?"

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. सुकरामनंही पाहिलं. आदल्या जेठात मी स्वतः त्या नावेत होतो. वारा सुटला तेव्हा फळीवर आदळणारं पाणी मी डोळ्यांनी पाहिलं होतं, नावेचा काठ धरून रामाचं नाव घेतलं होतं. ते मी तिथं सांगायला हवं होतं. पण पोहता न येणारा, मासळी न खाणारा बाबू ढिवरांना लाटा शिकवायला निघाला, असं होईल याची मला लाज वाटली. मी म्हणालो, ठराव आखूड दांड्याचा झाला आहे. दुकानदारानं पावती फाडली.

साकोलीहून सुतार आला. चैतरामनं मागच्या फळीवर चार बोटं आडवी ठेवली, सुतारानं पेन्सिलीनं रेघ ओढली आणि त्या रेघेपर्यंत करवतीनं खाच पाडली. दोन्ही इंजिनं तिथं शेजारी शेजारी अगदी चपखल बसली. कापून निघालेला फळीचा तुकडा सुकरामनं काखेत मारला. त्याची बायको रुखमा काठावर उभी होती. ती म्हणाली, "हे काय चुलीत घालाले आनलं का?" तो म्हणाला, "ठेव आड्यावर. लागन कवातरी."

पहिले सहा महिने सगळे चैतरामचं कौतुक करत होते. एकही खिळा तुटला नाही. बुंध्यांच्या डोक्यावरून पंखा खुशाल निघून जायचा. हिवाळ्यात मासळीही भरपूर आली. चैतराम पहिल्यासारखाच घरं सांगत पुढं बसायचा, उलट जरा जास्तच. मला तर वाटू लागलं होतं की साहेब आणि सुकराम दोघेही उगाच भ्याले.

जेठ लागला. त्या दुपारी मी शेडमध्ये होतो. आभाळ आधी पिवळं पडलं, मग धरणाच्या पलीकडच्या काठावरून धूळ उठली आणि वावधन सुटलं. आमच्याकडं पावसाआधीच्या या कोरड्या वाऱ्याला वावधन म्हणतात. अर्धा तास टिकतं आणि घरांची कौलं घेऊन जातं. मोठी नाव परतीच्या वाटेवर होती, चिंचेच्या थोडी पलीकडं, नदीच्या जुन्या पात्रावर. वारा तिच्या पाठीवर होता. नावेत चौघं: पुढं चैतराम, मागं सुकराम, मधे जाळी ओढणारे दोघे भाऊ. इंजिनाचा आवाज मध्येच चिरका होत होता. लाट खालून निघून गेली की आखूड दांड्याचा पंखा पाण्याबाहेर येई आणि मोकळाच फिरे. तेवढ्यात नावेचा वेग जायचा, आणि मागून येणारी लाट त्या खाचेतून आत यायची. हे मी नंतर समजून घेतलेलं आहे. तेव्हा मला एवढंच दिसलं की नावेचा मागचा भाग खाली गेला आणि वर आला नाही.

वारा थांबला तेव्हा चिंचेच्या दुभंगलेल्या बुंध्याला तीन माणसं धरून होती. आम्ही डोंगे नेऊन त्यांना उतरवलं. चैतरामचे हात बुंध्यापासून सोडवावे लागले. सुकराम दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला, स्वतःच्या अंगणापासून शंभर हातांवर.

चैतरामनं मला सांगितलं ते एकदाच. "तो इंजनचे स्क्रू खोलून राहिला होता. नवे इंजन, संस्थेचे, बुडतीन म्हनून. मी म्हनलो, सोड. पन मी म्हनलो तवा उशीर झाला होता, बाबू. त्याच्या आंधी मी खालीच पाहून राहिलो होतो. गाव जवळ आलं होतं ना. बुंधे पाहून राहिलो होतो. मी मांगं वळलोच नाई. वर पायलंच नाई."

तहसीलचे लोक पंचनाम्याला आले. टेबलाशी मी लिहायला होतो. चैतराम समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "खाच लिहा."

नाव संस्था वापरत असली तरी मालकी खात्याची होती. परवानगीशिवाय फळी कापल्याचं कागदावर आलं असतं तर रुखमाला मिळायची ती सरकारी मदत अडकली असती. मी त्याला बाजूला घेऊन हे समजावून सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हनजे हे लिहाचंच नाई?"

"नाही लिहिता येत, चैतरामभाऊ."

"मंग कोठी लिहाचं?"

मी 'अचानक आलेल्या वादळामुळे' असं लिहिलं, पंचांनी सह्या केल्या, आणि माझा ठराव, माझी सही, दुकानातलं माझं गप्प बसणं, सगळं त्या एका ओळीखाली झाकलं गेलं. मला त्यातून सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. चैतरामला तसं सुटता आलं नाही. गावानं त्याला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. गाव काहीच बोललं नाही. पावसाळाभर तो शेडपाशी येऊन बसायचा. तिथं जाळी विणायला टाकलेली असत, पण त्यानं एकाही जाळ्यात बोटं घालून माप पाहिलं नाही. लोक विचारायचे, भाऊ, बरोबर आहे ना? तो म्हणायचा, "बाबूपाशी पट्टी हाय."

नाव काढून दुरुस्तीला ठेवली होती. ती वर्षभर तशीच पडून राहिली. इंजिनं बुडाली ती बुडालीच. पुढच्या उन्हाळ्यात पाणी बरंच उतरलं. होळी झाल्यावर एक दिवस सकाळी शेडमध्ये बसलो असताना पाण्यावरून कुऱ्हाडीचा आवाज आला. बाहेर येऊन पाहिलं तर चैतराम कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून एक बुंधा तोडत होता. मी डोंग्यातून तिथं गेलो. गाव मला पाठ होतं, त्यामुळं कोणता बुंधा ते विचारायची गरज पडली नाही. तो त्याच्या आईनं लावलेला आंबा होता. सुरुवात त्यानं तिथूनच केली होती.

मी म्हणालो, खात्याची माणसं येतील, मी अर्ज करतो. त्यानं कुऱ्हाड थांबवली नाही. पाणी जसं उतरेल तसा तो रोज एकेक बुंधा तोडत राहिला. शाळेमागचा मोह, बकारामच्या पडवीपुढचा कडुनिंब, सगळे. ज्याचा बुंधा असेल त्याच्या घरी जाऊन आधी सांगून यायचा, "उद्या तुमचं झाड काढतो." एकानंही नको म्हटलं नाही. दोन-तीन माणसं मदतीला गेली तेव्हा त्यानं त्यांना तोडलेली लाकडं काठावर ओढून आणायला लावलं, कुऱ्हाड मात्र कोणाच्या हाती दिली नाही. हातांना फोड आले, फुटले, त्यांवर त्यानं दुपट्ट्याच्या चिंध्या बांधल्या.

जेठाच्या आरंभी वाट मोकळी झाली. राहिली फक्त चिंच. तिच्या एका बाजूला सुकरामच्या विहिरीचा कठडा, म्हणून नावेला तिच्या अंगाला घासूनच जावं लागे, आणि तिचा एक मोडका फाटा पाण्याखालून वाटेवर आलेला होता. लांब दांड्याचा पंखा तिथं अडकणारच. लोक म्हणू लागले, तिला राहू द्या, तिनं तिघांना वाचवलं. चैतराम आठ दिवस तिच्यापाशी जायचा आणि परत यायचा. मीसुद्धा म्हणालो, राहू द्या, तेवढ्यापुरतं इंजिन बंद करून वल्ह्यानं जाऊ.

नवव्या दिवशी सकाळी रुखमा शेडमध्ये आली. वर्षभर ती चैतरामशी बोलली नव्हती. म्हणजे बोलायचं टाळत नव्हती, पण शब्द निघत नसे. तिच्या काखेत काहीतरी होतं. चैतराम उठून उभा राहिला.

"भाऊजी," ती म्हणाली, "चिच माह्या आंगनातली हाय. सांगाले तुमी माह्या घरी आले नाई."

"हिंमत झाली नाई, बाई."

"तोडा तिले. ज्याले वाचवाचं होतं त्याले तिनं वाचवलं नाई." मग तिनं काखेतली वस्तू माझ्या टेबलावर ठेवली. फळीचा तुकडा होता, धुरानं काळा झालेला. "आड्यावर होता. लागन म्हने कवातरी."

चैतराम टेबलाशी आला. त्यानं त्या तुकड्यावर आपली चार बोटं आडवी ठेवली. बोटं अगदी बरोबर बसली. मग त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. रुखमा तुकडा तिथंच ठेवून घरी गेली. संध्याकाळपर्यंत चिंच पाण्यात पडलेली होती.

लांब दांड्याची इंजिनं आणायला मी एकटाच नागपूरला गेलो. चैतरामला चला म्हटलं तर म्हणाला, "माप लिहून घेऊन जा. पट्टीनं." दुकानदारानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, लाटा किती उठतात. या वेळी मी सांगितलं, छातीएवढ्या. इतक्या नसतील, पण मला कमी सांगायची भीती वाटली. सुतारानं खाचेत तोच तुकडा बसवला. फळी पुन्हा पहिल्याइतकी उंच झाली. तेवढी जागा काळी दिसायची.

तीन-चार वर्षांनी माझी तुमसरच्या बाजूला दुसऱ्या संस्थेवर बदली झाली. जाण्याआधी मी म्हटलं, एकदा पाण्यावरून फिरवून आणा. सकाळी निघालो. मागं इंजिनापाशी दुसरा कोणी होता, पुढं चैतराम. केस पांढरे झाले होते. मी न सांगता चपला काढल्या. इंजिन पूर्ण जोरात होतं. आता वाटेत अडवायला काहीच नव्हतं. चैतराम एक शब्द बोलला नाही. ना पडवी, ना शाळा, ना आंबा. तो मान वर करून आभाळाकडं पाहत होता, पलीकडच्या काठाकडं, वाऱ्याकडं. मी मनातल्या मनात घरं मोजत होतो आणि माझी मोजणी चुकत होती. सगळीकडं नुसतं पाणी होतं.

एका ठिकाणी त्यानं मागं न पाहता हात वर केला. इंजिनाचा आवाज कमी झाला. तिथं काहीही नव्हतं. जे होतं ते त्यानं स्वतःच्या हातानं तोडलेलं होतं. मी म्हणालो, "चैतरामभाऊ, इथं तर आता मोकळं आहे."

"सुकरामचं आंगन हाय," तो म्हणाला. "हळू जाऊ द्या."

तेवढ्या जागेत त्यानं खाली पाहिलं. मग हात खाली घेतला, मान वर केली, आणि इंजिन पुन्हा जोरात सुरू झालं.